अब्रूचे पाणी

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा येथे कचेरीचा कारभार हिंदीत चालतो आणि काही घरांत अजून मराठी बोलली जाते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेने हा मुलूख नागपूरच्या राजधानीपासून अलग झाला, तेव्हापासून अशा घरांत एकाच दुःखाला दोन नावे लागलेली आहेत: फिर्यादीच्या कागदावर ते ‘मानहानि’ असते, आणि ओसरीवर बसून तीच हकीकत सांगणाऱ्या वृद्धाच्या तोंडी ‘अब्रू गेली’ हेच शब्द येतात.

हे दोन शब्द मला एकार्थी वाटत नाहीत. मान हा दिलेला असतो. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली पाटलाच्या बैलजोडीला जो अग्रभाग मिळतो तो मान, आणि तो वतनासारखा मोजता येतो. अब्रू मात्र बैलजोडी नसलेल्या मजुरालाही असते. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. ‘आब’चा दुसरा अर्थ तेज, आणि मोत्याचे पाणी, तलवारीचे पाणी असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा श्लेष कोणी उलगडून सांगावा लागला नसेल, म्हणूनच हा परका शब्द येथे इतका मुरला की आपण ‘आब राखून राहणे’ असा त्याचा अर्धा भागही स्वतंत्रपणे वापरू लागलो.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांची दृष्टी निराळी होती. त्यांनी या अपराधास ‘वाक्पारुष्य’ म्हटले, म्हणजे दोष बोलणाऱ्याच्या वाणीत पाहिला. कौटिल्याने काण्याला काणा म्हणणे खरे असले तरी तीन पण दंड सांगितला, खोटे असल्यास सहा, आणि त्याच काण्याला ‘काय सुंदर डोळे!’ म्हणून उपरोधाने डिवचल्यास बारा. खोट्या निंदेहून कुत्सित स्तुतीला दुप्पट दंड लावणाऱ्या या माणसाला शब्दांची जखम कोठे होते ते नेमके ठाऊक होते. 1860 च्या दंडसंहितेने लोकहितार्थ सांगितलेल्या सत्याला संरक्षण दिले, आणि ते योग्यच झाले. परंतु मराठीत या गुन्ह्याचे नाव ‘अब्रूनुकसानी’ असे पडले, आणि चेहऱ्यावरचे तेज मालमत्तेप्रमाणे नुकसानीच्या हिशेबात आले.

त्या हिशेबाची मर्यादा 1882 मध्येच दिसली. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी केलेले आरोप ज्या पत्रांवर आधारले होते ती बनावट ठरली, टिळक-आगरकरांनी क्षमायाचना केली, तरीही त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. आणि 101 दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगातून ते बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांचे थाटात स्वागत केले. न्यायालयाने बर्व्यांची अब्रू त्यांना परत दिली होती, पण चारचौघांनी ती भलत्याच दोघांच्या चेहऱ्यावर पाहिली. देशभक्तांविषयीचा माझा आदर अढळ आहे, तथापि त्या प्रसंगी बर्व्यांवर अन्याय झाला होता, हे विसरणे मला प्रशस्त वाटत नाही.

याहून दारुण अन्याय या शब्दाने स्त्रियांवर केला आहे. ‘तिची अब्रू लुटली’ असे वाक्य वर्तमानपत्रांनी कित्येक दशके निःशंकपणे छापले, आणि अत्याचार एकाने करावा व तेज दुसरीचे जावे, हा विपरीत न्याय व्याकरणातच पक्का करून टाकला. पुढे ‘विनयभंग’ आला, तोही तिच्याच विनयाचा. ‘लैंगिक अत्याचार’ हा शब्द रुक्ष खरा, पण त्यात प्रथमच बोट अत्याचाऱ्याकडे वळले, जसे ते वाक्पारुष्यात बोलणाऱ्याकडे होते.

1 जुलै 2024 पासून जुन्या 499 व्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमाने घेतली असून हिंदी कागदावर ‘मानहानि’ हेच पद कायम आहे. लालबर्रा येथील ओसरीवरचा वृद्ध मात्र आपली हकीकत ‘अब्रू गेली’ याच शब्दांत सांगेल, आणि ऐकणाऱ्याने त्याला तेवढे विचारावे, की बाबा, खोटे बोलले कोण?