जीर्ण कोणाला म्हणावे?

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीसाठी जी तंग, आखूड विजार घालतात ती टिकाऊ कशी निवडावी, हा प्रश्न चिंतनपर लेखात आणला तर काही वाचकांना ती थट्टा वाटेल. परंतु तत्त्वज्ञानाने वस्त्राला कधी मज्जाव केलेला नाही. देह आणि आत्मा यांचा संबंध सांगताना गीतेने दुसऱ्या अध्यायात जुन्या वस्त्राचाच दृष्टांत घेतला, आणि त्यातील एका शब्दापाशी आपण पुरेसे थांबत नाही. टाकायचे वस्त्र कोणते? जीर्ण झालेले. नावडते झालेले नव्हे. शेजाऱ्याने नवे आणले म्हणून जुने भासू लागलेले तर नव्हेच. जीर्णता ही वस्त्राची अवस्था आहे, आपल्या मनाची नाही. मात्र ती अवस्था आली हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, हे दृष्टांत सांगत नाही. दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाची खरी अडचण तीच असते.

प्रश्न माझ्यापुढे आला तो भाच्याच्या निमित्ताने. हैदराबाद, बेंगळूर, दिल्ली अशा शहरांतून ‘ब्रेव्हे’ नावाच्या दीर्घ स्वाऱ्यांचा प्रघात पडला आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करायचे, अशी त्यांची मर्यादा. दर चार वर्षांनी फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत आणि परत अशी १२०० किलोमीटरची स्वारी होते. २०२३ साली ती झाली, आणि तिला सर्वाधिक मुदत ९० तासांची असते. या मंडळींच्या पोशाखात मानाची वस्तू म्हणजे ही विजार. तिला इस्त्री लागत नाही, आणि तिच्यात माणूस रुबाबदार दिसतो असे तिच्या कैवाऱ्यांनाही म्हणवत नाही. तिचे काम एकच: सीट आणि देह यांच्यामध्ये चाळीस तास निमूटपणे राहणे.

भाच्याने हिशेब मांडला तो असा. समजा, एक विजार आठशे रुपयांना मिळते आणि दोन हजार किलोमीटर चालते. दुसरीला सहा हजार पडतात, पण ती वीस हजार किलोमीटर साथ देते. पहिलीचा खर्च किलोमीटरला चाळीस पैसे, दुसरीचा तीस. म्हणजे महाग तीच स्वस्त. गणित बिनचूक आहे. पण हे गणित सुरू होण्यापूर्वीच एक अट गृहीत धरली गेली आहे, ती ही की माणसाच्या खिशात आज सहा हजार रुपये आहेत. पहाटे घरोघरी वर्तमानपत्रे टाकणारा मुलगाही वर्षभरात हजारो किलोमीटर सायकल चालवतो. त्याला दर किलोमीटरमागे दहा पैसे वाचवण्याचा हक्क नाही, कारण ही बचत करण्यासाठी आधी श्रीमंत असावे लागते. काटकसर हा गरिबांचा गुण आहे असे आपण मुलांना शिकवतो. टिकाऊ वस्तूंच्या बाबतीत ती सुखवस्तू माणसाची सोय होऊन बसते. म्हणून ‘चांगली वस्तू घ्यावी आणि पुष्कळ वापरावी’ हा उपदेश करणाऱ्याने तो कोणाला करीत आहोत हे पाहून करावा.

टिकाऊपणा हा वस्तूचा गुण आहे असे आपण बोलतो. तो खरोखरच वस्तूत असतो का? पूर्वी युरोपात सायकलस्वारांच्या विजारी लोकरीच्या असत आणि बैठकीच्या जागी शॅमॉय नावाच्या, बकरीच्या जातकुळीतल्या पहाडी प्राण्याच्या मऊ चामड्याचे अस्तर असे. धुतल्यावर हे चामडे ताठ होई. ते सावलीत सावकाश वाळवावे लागे, हाताने चोळून मऊ करावे लागे, वर मलम लावावे लागे. लोकरीला भोक पडले तर ते रफू करता येई. पुढे १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतील रसायनज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स हा ताणून पुन्हा पूर्ववत होणारा धागा सिद्ध केला. लायक्रा हे त्याचेच व्यापारी नाव. हळूहळू त्याने लोकरीला बाजूला सारले आणि चामड्याच्या जागी कृत्रिम फेसाची गादी आली. गमतीची गोष्ट अशी की या गादीला सायकलस्वार अजूनही ‘शॅमॉय’ म्हणतात. वस्तू गेली, नाव टिकले. जुनी विजार टिकत असे ती तिला कोणीतरी दर आठवड्याला टिकवीत असे म्हणून. नवी विजार मालकाकडे फारसे काही मागत नाही, आणि म्हणूनच बिघडल्यावर त्याला काही करूही देत नाही.

मग नवी विजार जीर्ण होते म्हणजे नेमके काय होते? येथे जाणकारांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे, कारण तिचे अवयव एकाच वेळी थकत नाहीत. गादीतला फेस वजनाखाली दबत दबत एके दिवशी वर येण्याचे सोडून देतो. बाहेरून कापड नवे दिसते, शिवण शाबूत असते, आणि आतली गादी मात्र मेलेली असते. अशा विजारीवर ६०० किलोमीटर जाणाऱ्याच्या अंगावर फोड उठतात. डोळ्यांनी दिलेली साक्ष खोटी ठरते. दुकानात बोटाने दाबून पाहणाऱ्यालाही हीच फसगत भोवते. बोटाला जाडी कळते, पण लांबच्या प्रवासात उपयोगी पडतो तो फेसाचा घट्टपणा. जाड आणि भुसभुशीत गादी पहिल्या तासात सुखाची वाटते आणि पुढे चपटी होते. पातळ पण घट्ट गादी सुरुवातीला निष्ठुर वाटते. माणसांच्या बाबतीतही असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

याच्या उलट प्रकारही घडतो. ऊन, घाम, कढत पाणी आणि क्लोरीन यांनी लवचीक धागा आतून तुटत जातो. सीटच्या घर्षणाने कापड विरते आणि मागच्या बाजूने अर्धपारदर्शक होते. हे घालणाऱ्याला कधीच दिसत नाही. दिसते ते त्याच्या मागून येणाऱ्या स्वाराला. आता मागच्याने सांगावे की सांगू नये? सांगितले तर पुढचा ओशाळतो. न सांगितले तर मैलोन्‌मैल त्याचे हसे होत राहते. माझे मत सांगावे असेच आहे, चहाला थांबल्यावर, एकट्याला बाजूला घेऊन. आपण कोठे विरलो आहोत हे मागून येणाऱ्यालाच कळावे, ही व्यवस्था काही केवळ सायकलस्वारांपुरती नसावी.

जाणकार असेही सांगतात की विजार थंड पाण्यात धुवावी, कापड मऊ करणारी द्रावणे वापरू नयेत, उलटी करून सावलीत वाळवावी. यावर एखादा विरक्त वाचक विचारील, एका विजारीची एवढी शुश्रूषा म्हणजे आसक्तीच नव्हे काय? अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्याने वस्तू टिकवण्याचा ध्यास का धरावा? या आक्षेपाला विनयपिटकाच्या चुल्लवग्गात उत्तर आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. राजा रागावला, हा भिक्षू कापडाचे दुकान काढणार की काय, असे त्याला वाटले. त्याने विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना वाटीन. आणि त्यांची जुनी? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे गादीचे अभ्रे, अभ्ऱ्यांच्या जमिनीवर अंथरायच्या पट्ट्या, पट्ट्यांची पायपुसणी, पायपुसण्यांचे धूळ झटकायचे फडके. आणि फडक्याच्याही चिंध्या झाल्या की त्या मातीत कालवून जमीन सारवू. राजाने आणखी पाचशे चीवरे दिली. आसक्त माणूस वस्तूला धरून ठेवतो. आनंद तिला एका कामातून दुसऱ्या कामात जाऊ देतो, तरी तिचा त्याग मात्र लवकर करीत नाही.

आपल्या घरांतही ही विद्या होती. नऊवारी लुगडे विरले की गोधडीत जाई, गोधडीतून बाळाच्या दुपट्यात, आणि शेवटी चुलीपाशी पोतेऱ्यात. यात कोठेही जीर्ण झाल्याची एकच घटका नव्हती. प्रत्येक वेळी वस्त्र एका कामापुरते जीर्ण होई. लायक्राच्या विजारीला ही उतरंड नाही. तिची गोधडी शिवणे कठीण, तिने पाणी पुसले जात नाही, आणि त्यातले नायलॉन व लवचीक धागा इतके एकजीव असतात की ते वेगळे काढून पुन्हा वापरणे अवघड जाते. शिवाय ती मातीत कुजत नाही. म्हणजे विजार म्हणून जी वस्तू चार-पाच वर्षे टिकते, ती कचरा म्हणून आपल्या नातवंडांच्या पलीकडेही टिकेल. ‘टिकाऊ’ या शब्दाला हा दुसरा अर्थ चिकटला आहे, आणि विक्रेत्याच्या तोंडी तो कधी येत नाही.

म्हणून भाच्याला मी एवढेच सुचवले की किती किलोमीटर चालेल हे विचारण्यापूर्वी ती उसवता येते का, हे विचार. त्याने महाग विजार घेतली नाही. जुनीच घेऊन तो आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेला. शिंप्याने आधी तिला ओढून पाहिले. सरळ टाका येथे चालणार नाही, कापड ताणले की दोरा तुटेल, असे सांगून त्याने नागमोडी टाका घातला आणि खांद्यावरच्या सैल झालेल्या पट्ट्या बदलून दिल्या. गादी मात्र त्याच्याजवळ नव्हती. ती सुटी विकणारे दुकान भाचा अजून शोधतो आहे.