ग्रंथ कोणी लिहिला, हे विचारावे काय?

लाग बाओमेरला मेरोनला जाणाऱ्या पुष्कळ लोकांची श्रद्धा आहे की ‘झोहर’ हा कबालाचा थोर ग्रंथ दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाय यांचा आहे. तो खरोखर कोणी लिहिला, असे विचारणे हा धर्माचा अपमान होतो काय?

या बाबतीत प्रोफेसर गेर्शोम शोलेम यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १८९७ साली बर्लिनमध्ये एका छापखानेवाल्याच्या घरी झाला. घरात धर्माचार फारसा उरला नव्हता. १९२३ साली ते येरुशलायीमला आले आणि पुढे हिब्रू विद्यापीठात १९६५ पर्यंत कबाला शिकवीत राहिले. त्यापूर्वी मोठमोठे विद्वान या विषयाला नाक मुरडत. इतिहासकार ग्रेट्झ यांनी तर झोहर म्हणजे तेराव्या शतकातील स्पेनच्या मोशे दे लिओनची लबाडी, असे ठरवून टाकले होते.

शोलेम यांनी प्रथम ग्रेट्झ यांच्या मताविरुद्ध बाजू मांडली. पण तपास त्यांनी सोडला नाही. ग्रंथातील आरामी भाषेला मध्ययुगीन हिब्रूचे वळण असल्याचे त्यांना आढळले. एरेत्झ इस्राएलच्या भूगोलातही चुका सापडल्या. तेव्हा १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी आपले मत बदलून मोशे दे लिओन हाच मुख्य कर्ता असल्याचे मांडले. आज अनेक अभ्यासक त्यात एकाहून अधिक लेखकांचा हात मानतात.

आता पाहा, कर्त्याविषयी दोघांचा निकाल एकच झाला. परंतु ग्रेट्झ यांनी तो ग्रंथ टाकाऊ ठरवला, तर शोलेम यांनी त्यात आपल्या लोकांचे दुःख आणि आशा पाहिली, आणि १९८२ साली मृत्यू येईपर्यंत त्या विद्येची सेवा केली.

आपल्यालाही हे लागू आहे. १९६२ साली विवाहाच्या वेळी आपल्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम निघाला. त्यामागे संशय होता, म्हणून आपण लढलो, आणि १९६४ साली क्नेसेतने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. परंतु नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी कोणत्या काळी आली, असे आपलाच नातू विचारील, तर त्याच्यावर रागावू नये. वाडवडिलांनी सांगितले ते त्याला सांगावे, अभ्यासकांची मतेही सांगावीत, आणि मालिदाच्या ताटापाशी त्याला आपल्या शेजारी बसवावे.