दान कोणाच्या हाती द्यावे?



गेल्या पौर्णिमेला विहारात त्रिशरण-पंचशील झाल्यावर एक भगिनी पुढे आली आणि तिने आपला मोबाईल माझ्यासमोर धरला. लढाईत घरदार गेलेल्या एका लेकराचा फोटो त्यावर होता आणि फोटोखाली पैसे पाठविण्याचा तो काळा-पांढरा चौकोन. "दादा, पाठवू का? पाठवले तर त्या लेकरापर्यंत जातील का?" एवढेच तिने विचारले. चार घरची धुणीभांडी करून साठविलेल्या पैशांतून शंभर रुपये तिने त्यासाठी बाजूला काढले होते. मी म्हणालो, "ताई, आज थांबा. मी नीट पाहून सांगतो." ते सांगणे आज करीत आहे. हाच प्रश्न तुमच्याही घरी पडत असेल, म्हणून सर्वांसमोर करीत आहे.

प्रथम विनयपिटकातील एक प्रसंग ऐका. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर आयुष्मान आनंद कौशांबीला गेले होते. तेथील राजा उदयन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्यांचा उपदेश ऐकून त्यांना पाचशे चीवरे दान दिली. हे राजाच्या कानी गेले आणि त्याच्या मनात आले की, एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय कापडाचे दुकान थाटणार आहे? तो सरळ आनंदांकडे गेला आणि त्याने विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंदांनी सांगितले, ज्या भिक्षूंची चीवरे विरली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरच्या बैठकी. त्या विरल्या की पायपुसणी, पायपुसणी विरली की झटकणी, आणि झटकण्याही झिजल्या की त्यांच्या चिंध्या कुटून चिखलात मळून त्याने जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या प्रसंगात राजाने शंका घेतली म्हणून आनंद रागावले नाहीत. 'दान दिले, आता विचारू नये' असे ते म्हणाले नाहीत. शेवटच्या चिंधीपर्यंतचा हिशोब त्यांनी तोंडपाठ सांगितला. आपल्या वाडवडिलांनी मात्र पिढ्यान्पिढ्या देवळाच्या पेटीत पैसा टाकला आणि हिशोब विचारणे पाप मानले. ते देणे भयाचे होते, नाही दिले तर काही वाईट होईल या धास्तीचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत दहा पारमिता आहेत. त्यांत दान आहे, आणि त्याच प्रतिज्ञांत प्रज्ञा, शील व करुणा ही तिन्ही एकत्र आहेत. प्रज्ञेवाचून केलेली करुणा कोणाच्या खिशात जाईल याचा नेम नाही.

युद्धपीडितांशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याने बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ उघडावा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य कोलीयांशी युद्ध करायला निघाले, तेव्हा भर संघात सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्या विरोधाची किंमत म्हणून घर सोडले, अशी मांडणी बाबासाहेबांनी तेथे केली आहे. आपल्या शास्त्याच्या गृहत्यागाच्या मुळाशीच युद्ध आहे. पुढे सम्राट अशोकाने कलिंगाची कथा शिलेवर कोरली, तेव्हा एक लाख ठार झाले एवढेच लिहून तो थांबला नाही. दीड लाख लोक आपल्या भूमीवरून नेले गेले हेही त्याने लिहिले. घर गेलेल्या माणसाची गणना करणारा राजा विरळा.

आता दान कोणाच्या हाती द्यावे याकडे वळू. संघाला मिळालेली चीवरे स्वीकारण्यासाठी, ठेवण्यासाठी आणि वाटण्यासाठी तथागतांनी भिक्षू नेमायला सांगितले. असा भिक्षू पाच गुणांनी युक्त असावा असा नियम केला. तो छंदाने म्हणजे आवडी-निवडीने वागणारा नसावा, द्वेषाने वागणारा नसावा, मोहाने म्हणजे अज्ञानाने वागणारा नसावा, भयाने वागणारा नसावा, आणि काय घेतले व काय घेतले नाही हे त्याला माहीत असावे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी आजच्या कोणत्याही मदतसंस्थेला लावून पाहा.

उदाहरणासाठी दूर जायला नको, आपल्या शेजारचा ब्रह्मदेश घेऊ. बौद्धांच्या जागतिक परिषदेसाठी १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब ज्या रंगूनला गेले, तो हा देश. तेथे बहुसंख्य लोक बौद्ध आहेत. ऑगस्ट २०१७ पासून तेथील लष्कराने रोहिंग्या मुसलमानांची गावे जाळली आणि सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावण्यांत गेली. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर देशभर यादवी पेटली आणि देशाच्या आतच तीस लाखांहून अधिक लोक बेघर झाले. चिन जमातीचे तीस हजारांहून अधिक लोक आपल्या मिझोराममध्ये आले. ते बहुतेक ख्रिस्ती आहेत. तेथील गावकऱ्यांनी, चर्चनी आणि तरुणांच्या संघटनांनी आपल्या घरचा तांदूळ व सरपण काढून त्यांना जगविले.

येथे पहिली कसोटी आधी आपल्यालाच लागते. पीडित मुसलमान आणि ख्रिस्ती, आणि मारणारे लष्कर बौद्ध म्हणवणाऱ्या देशाचे. आपला हात खिशाकडे जातो की थबकतो? वैशालीचा सिंह सेनापती निगंठांचा मत सोडून तथागतांचा उपासक झाला. तो तुमच्याआमच्यासारखाच नवदीक्षित. त्याला तथागतांनी काय सांगितले? तुझे घर निगंठांसाठी फार दिवस पाणपोईसारखे आहे, ते आले तर त्यांना अन्न देत राहा. धर्म बदलला म्हणून दाराची पाणपोई बंद करू नको, हा त्याचा अर्थ. तेव्हा जी संस्था 'फक्त आपल्या लोकांसाठी' असे म्हणून पैसे मागते ती पहिल्याच गुणात नापास झाली. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली, तेव्हा शेजारच्या गावातील बायांनी जखमी सैनिक कोणत्या फौजेचा हे न विचारता मलमपट्टी केली. ते पाहिलेल्या आंरी द्युनां यांच्या प्रयत्नांतून १८६३ मध्ये रेड क्रॉस उभी राहिली. निःपक्षपात हे तिचे तत्त्व आहे. तत्त्व पाळले जाते की नाही हे तिलाही विचारता येते, विचारावे.

द्वेषाबद्दल फार सांगावे लागत नाही. मदतीच्या पत्रकात उपाशी माणसाबद्दल दोन ओळी आणि दुसऱ्या जमातीबद्दल दहा ओळी विष असेल, तर ते पत्रक चुलीत घाला.

मोहाचे मात्र नीट ऐका, कारण तेथे भली माणसेच चुकतात. १९९२ ते १९९६ या काळात बॉस्नियाच्या युद्धात जगभरातून औषधांचे ढीग गेले. पुढे डॉक्टरांनी पाहणी केली, तेव्हा अंदाजे सतरा हजार टन औषधे निरुपयोगी निघाली. काही मुदत संपलेली, काही तेथे नको असलेली, काहींवरची भाषा तेथल्या कोणाला वाचता न येणारी. ती नष्ट करायलाच वेगळा पैसा लागणार होता. औषध देणाऱ्यांच्या मनात करुणा होती, पण तेथे काय हवे हे त्यांनी विचारलेच नाही. म्हणून 'जुने कपडे द्या, काहीही द्या' म्हणणाऱ्यापेक्षा, कोणत्या छावणीत काय कमी आहे हे सांगणारा बरा. कॉक्स बझारच्या छावण्यांत २०२३ साली पैसा अपुरा पडला म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिन्याचे अन्न बारा डॉलरवरून आधी दहा व मग आठ डॉलरवर आणले. तेथे तेव्हा कमी काय होते ते उघड होते, जुने स्वेटर नव्हेत.

याच मोहाचा दुसरा प्रकार म्हणजे 'तुमच्या शंभरातले शंभर रुपये गरजूला' ही जाहिरात. मला ती ऐकली की संशयच येतो. ट्रकला डिझेल लागते, नर्सला पगार लागतो, हिशोब लिहिणारा लागतो. संघालासुद्धा भांडार सांभाळणारा भिक्षू नेमावा लागला. खर्च किती हे लपविणाऱ्यापेक्षा, एवढा खर्च या-या कामावर झाला असे सांगणारा अधिक विश्वासाचा.

भयाची कसोटी युद्धात सर्वांत कठीण. बंदूकवाला वाटेत उभा राहतो आणि वाटप आमच्या हाताने करा म्हणतो. २००८ च्या मे महिन्यात नर्गिस वादळाने ब्रह्मदेशाचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा तेथील लष्करी सरकारने परदेशी मदतनीसांना कित्येक दिवस आत येऊ दिले नव्हते. २०२४ या एका वर्षात जगात ३८० हून अधिक मदत कार्यकर्ते मारले गेले. अशा जागी काम करणारी प्रामाणिक संस्था 'आम्ही सर्वत्र पोचतो' असे म्हणत नाही. येथे पोचलो, तेथे अडविले गेलो, असे ती सांगते. आणि गावात प्रत्यक्ष वाटप कोण करतो, याचे उत्तर तिच्याजवळ असते.

आता पाचवा गुण, घेतले-न घेतले याचे ज्ञान. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठी संगीतसभा झाली. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी ती घडवून आणली. त्यांच्या हेतूत खोट नव्हती. पण धर्मादाय कामाची करविषयक कागदपत्रे आधी केली नव्हती, म्हणून तबकड्यांच्या विक्रीतून आलेला पुष्कळसा पैसा अमेरिकेच्या करखात्याकडे वर्षानुवर्षे अडकून पडला. त्याच वर्षी आपल्याकडे नोव्हेंबरपासून पत्रांवर पाच पैशांचे निर्वासित मदतीचे जादा तिकीट लावावे लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कागद म्हणजे नुसती कटकट, असे म्हणू नका. उलट बाजूचे उदाहरण २००५ च्या जानेवारीचे आहे. त्सुनामीच्या मदतीसाठी लोक पैसे पाठवीत असताना 'सीमेपलीकडचे डॉक्टर' या संस्थेने जाहीर केले की या कामापुरते पुरेसे पैसे आले, आता त्यासाठी पाठवू नका. 'न घेतलेले' माहीत असणे म्हणजे काय, ते हेच.

माझ्या वस्तीतले एक दुखणे सांगतो. कारगिलच्या वेळी, १९९९ साली, एका मंडळाची पोरे शहीदांच्या कुटुंबांसाठी डबा घेऊन दारोदार फिरली. भाजी विकणाऱ्या एका आजीने दिवसाची सगळी कमाई त्यात टाकली. पुढे त्या पैशाचे काय झाले हे कोणी सांगितले नाही. मंडळाकडे नवा ध्वनिक्षेपक मात्र आला. आजीने त्यानंतर मरेपर्यंत कोणाला दमडी दिली नाही. पूर आला, भूकंप झाला, ती म्हणायची, "मला नका सांगू." पैसे बुडाले त्याचे मला एवढे वाटत नाही. एका माणसाची करुणा बुडाली, तिचा हिशोब त्या पोरांपैकी कोण देणार? आम्ही शेजारी होतो, आम्हीही विचारले नाही.

म्हणून त्या भगिनीला आणि तुम्हाला सांगतो. चौकोन मोबाईलने वाचला की पैसे जाण्याआधी घेणाऱ्याचे नाव दिसते. संस्थेऐवजी एखाद्या माणसाचे नाव दिसले तर तेथेच थांबा. फोटो दुसऱ्याच लढाईचा, जुनाही असतो. घरातल्या शिकलेल्या पोरीला तो शोधून पाहायला सांगा. आपल्या राज्यातला न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक मागा, तपासलेले हिशोब मागा. 'एनजीओ दर्पण' या सरकारी संकेतस्थळावर नाव आहे का ते पाहा. मात्र नोंदणी आहे म्हणजे शील आहे असे नव्हे, नोंदणी हा फक्त दरवाजा. युद्ध परदेशात असेल तर आणखी एक विचारा, माझा रुपया सीमेपलीकडे कोणत्या मार्गाने जातो? भारतातील धर्मादाय संस्थांना परदेशात खर्च करण्यावर प्राप्तिकराच्या कायद्याची बंधने आहेत, म्हणून ज्याला मार्ग ठाऊक आहे तो चटकन सांगेल. ज्याला ठाऊक नाही तो रागावेल. मिझोराममधल्या निर्वासितांपर्यंत जायला तर सीमाही ओलांडावी लागत नाही.

'आजच पाठवा, उद्या उशीर होईल' असे म्हणणाऱ्याला उद्याच उत्तर द्या. ब्रह्मदेशातली लढाई पाच वर्षांहून अधिक चालली आहे. तुमच्या आठ दिवसांच्या चौकशीने कोणी उपाशी मरणार नाही, आणि तुमच्या दरमहाच्या थोड्या पैशाने एकदाच्या मोठ्या पैशापेक्षा जास्त दिवस चूल पेटेल. बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला होता. त्या हिश्शातला थोडा भाग घर गेलेल्या माणसासाठी ठेवला तर वावगे होणार नाही.

येत्या पौर्णिमेला असे करू. विहारात वही ठेवू, ज्याने जे दिले ते नावानिशी लिहू. एक उपासक आणि एक उपासिका अशा दोघांनी मिळून दोन-तीन संस्थांना पत्रे लिहायची. मदत कोणाला देता, कोणाला देत नाही, गावात वाटप कोण करतो, गेल्या वर्षी किती आले, किती गेले, कोठे पोचता आले नाही, एवढेच विचारायचे. उत्तर आले की ते वंदनेनंतर सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवू आणि मग पैसे पाठवू. पावती आली की तीही वहीत चिकटवू. उत्तर आलेच नाही, तर पैसे वहीत तसेच जमा ठेवून दुसऱ्या संस्थेला पत्र लिहू. त्या भगिनीचे शंभर रुपये वहीच्या पहिल्या ओळीवर असतील.