शर्यत वळणावर संपत नाही



करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात संत पौल आपल्यापुढे धावण्याच्या शर्यतीचा दाखला ठेवतो. करिंथजवळ त्या काळी मोठे क्रीडामहोत्सव भरत असत. त्यामुळे तिथल्या भाविकांना तो चटकन उमगला असेल. आज आपण याच दाखल्याच्या प्रकाशात इटलीच्या एका धावपटूकडे पाहू या.

पिएत्रो मेन्नेआ १९५२ साली दक्षिण इटलीतील बार्लेत्ता येथे एका शिंप्याच्या घरी जन्मला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत त्याला कांस्यपदक मिळाले. पण १९७६ साली मॉन्ट्रियलला तो चौथा आला. चार वर्षांची मेहनत आणि हात रिकामे! तरीही प्रशिक्षक कार्लो व्हित्तोरी यांच्या हाताखाली त्याने सराव सोडला नाही. १९७९ साली मेक्सिको सिटीत त्याने १९.७२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला.

१९८० साली मॉस्कोत १०० मीटरच्या अंतिम फेरीत त्याला जागाही मिळाली नाही. मग २०० मीटरची अंतिम शर्यत आली. त्याच्या वाट्याला सर्वांत बाहेरची, आठवी लेन होती. १०० मीटरचा विजेता ॲलन वेल्स शेजारच्याच लेनमध्ये होता. वळणावरच वेल्सने त्याला मागे टाकले. वळण संपले तेव्हा मेन्नेआ स्पष्टपणे मागे होता. पण तो धावत राहिला आणि अवघ्या दोन शतांश सेकंदाने सुवर्णपदक जिंकला.

भाविकांनो, आपल्यापैकी अनेक जण आज अशाच वळणावर उभे आहेत. कुणाचा मुलगा परीक्षेत नापास झाला आहे. कुणाची नोकरी सुटली आहे. कुणाच्या घरी व्यसनामुळे पुन्हा पुन्हा भांडणे होत आहेत. 'आता काही उपयोग नाही,' असे आपण किती लवकर म्हणतो! आणि दुसऱ्याच्या मुलाविषयी तर त्याहूनही लवकर म्हणतो. परमेश्वर मात्र वळणावर निकाल लावत नाही. आपणही तो लावू नये.

सुवर्णपदकानंतर मेन्नेआ घरी बसला नाही. त्याच स्पर्धेत ४×४०० मीटर रिलेत तो आपल्या तीन सोबत्यांसह धावला आणि इटलीला कांस्यपदक मिळाले. रिलेत एकटा कितीही वेगाने धावला, तरी हातात बॅटन नसेल तर संघ बाद होतो. आपण मुलांना शिकवणी लावतो, गुण मोजतो, एकट्याची शर्यत शिकवतो. पण आजी-आजोबांनी आपल्या हाती दिलेले श्रद्धेचे बॅटन आपण पुढे देतो का? संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना टीव्हीपुढे गप्प झाली, तर ते वाटेतच पडेल.

मेन्नेआचा तो विक्रम जवळजवळ सतरा वर्षे टिकला. १९९६ साली मायकल जॉन्सनने तो मोडला. २०१३ साली मेन्नेआही प्रभूघरी गेला. जगाचा मुकुट कोमेजतो, हेच संत पौल सांगतो. आपण मात्र न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावत आहोत.

या आठवड्यात वळणावर मागे पडलेल्या एका तरी माणसाच्या घरी जा. उपदेश करू नका, त्याच्याजवळ बसा. मागे पडलेल्यांना हात देणारा प्रभू येशू आपल्याला शेवटपर्यंत धावण्याचे बळ देवो. आमेन.