नचिकेत आणि तीन किलोंची झुकिनी

ऑगस्ट उजाडला की कॅनडातल्या परसबागवाल्यांमध्ये एक जुना विनोद पुन्हा फिरू लागतो. या दिवसांत गाडीला कुलूप लावायला विसरू नका, नाहीतर परत याल तेव्हा मागच्या सीटवर कोणीतरी झुकिनी ठेवून गेलेलं असेल! सीमेपलीकडे अमेरिकेत तर ८ ऑगस्ट हा शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा दिवस म्हणून गमतीने पाळतात. आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणारा धूर्त समजला जातो. इथे कोहळ्याएवढी वस्तू फुकट दिली तरी कोणी घेत नाही, आणि देणाराच चोरासारखा येऊन जातो.

हसून झालं की खाली एक प्रश्न उरतोच. आपल्याला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याला दिली, तर त्याला देणं म्हणायचं का?

आधी ही झुकिनी एवढी होते कशी ते पाहू. दक्षिण ओंटारियोत व्हिक्टोरिया डेच्या सुमाराला, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात, दहिवराची भीती बहुतेक सरते आणि आपण हौसेने बिया टोचतो. जुलैत फळं धरू लागतात. वीतभर असताना तोडली तर कोवळी, गोडसर लागतात. मग ऑगस्टचा लाँग वीकेंड येतो, आपण चार दिवस कॉटेजला जातो, आणि परतल्यावर रुंद पानांच्या आड हातभर लांबीचं, तीन किलोंचं प्रकरण पहुडलेलं सापडतं.

'झुकिनी' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'छोटा भोपळा'. क्वेबेकमधल्या फ्रेंच 'कुर्जेट'चंही तेच, तेसुद्धा भोपळ्याचं लाडकं, छोटं रूप. म्हणजे वाढणं हा या भाजीचा दोष आपण तिच्या नावातच लिहून ठेवला आहे. झाडाच्या बाजूने पाहिलं तर मात्र चित्र उलटं दिसतं. आपण खातो ते कच्चं फळ. बी धरून मोठं होणारं फळच झाडाचं काम पुरं करत असतं, म्हणून एक फळ तसं राहिलं की झाड नवी फळं धरण्यात हात आखडता घेतं.

मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे: जून. भेंडी जून होते, गवार जून होते, काकडी जून होते. जून म्हणजे नासलेली नव्हे. तिच्याशी वागण्याची रीत तेवढी बदलते. कोकणाने तर जून काकडीला वेगळं नावच दिलं. ती झाली तवसं. भाद्रपदात गोव्यात गणपतीवरच्या माटोळीला हे तवसं मानाने टांगलं जातं. त्याचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचं कोकणात धोंडस होतं, गोव्यात तवसळी. कोवळ्या काकडीचं धोंडस कोणी करत नाही, त्याला तवसंच लागतं. जिथे वाढलेल्या फळाला नाव आणि पाककृती आहे, तिथे ते कोणाच्या गाडीत टाकून पळावं लागत नाही.

तेव्हा आपल्या हातभर झुकिनीलाही तवसं समजू या. साल जाड झालेली असते, ती सोला. उभी चिरून बियांसकट आतला मऊ गर चमच्याने खरवडून काढा. उरलेलं किसा, थोडं मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. झुकिनीत शंभरातले सुमारे ९५ भाग पाणीच असतं, त्यामुळे ढीगभर कीस बघता बघता आटोपशीर होतो. पिळलेलं पाणी फेकू नका, त्यातच थालीपिठाची भाजणी भिजवा. मिठाचा हात मात्र आवरता घ्या. कीस भाजणीत घाला किंवा त्याला डाळीचं पीठ पेरून भाजी करा. धोंडस किंवा तवसळी करणार असाल तर कीस मीठ न लावताच पिळा. झुकिनीला स्वतःची चव फारशी नसल्याने गूळ, नारळ आणि वेलची यांत कंजुषी नको. ओव्हनमध्ये ते उत्तम होतं. उरलेला कीस वाटी-वाटीने पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका. याच मातीवर मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावणारे हौडेनोसौनी लोक भोपळ्याच्या चकत्या हिवाळ्यासाठी वाळवून ठेवत. कोहळ्याचे सांडगे घालणाऱ्यांना त्यात परकं काही वाटू नये.

हे सगळं करायला दीड-दोन तास लागतात. खरी गोम तिथेच आहे. आपल्याला टाळायची असते ती झुकिनी नव्हे, हे दोन तास.

इथे कठोपनिषदातला नचिकेत आठवतो. त्याचे वडील वाजश्रवस सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करत होते. दानाच्या गाई निघाल्या तेव्हा पोराच्या लक्षात आलं की या गाईंचं पाणी पिऊन झालं आहे, गवत खाऊन झालं आहे, दूध आटलं आहे आणि त्या पुन्हा विणार नाहीत. त्याने विचारलं, मग मला कोणाला देणार? तीनदा विचारल्यावर बाप संतापून म्हणाला, यमाला. बहुतेक कथेकरी तिथून लगबगीने यमाच्या दारी जातात, कारण मोठं तत्त्वज्ञान पुढे आहे. पण मुलाला आधी टोचलं ते अगदी घरगुती होतं: बाबा दान म्हणून अडगळ काढताहेत.

आपल्यापैकी अनेकांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. कालची आमटी, विटलेला शर्ट, दांडा मोडलेली कढई कामवाल्या बाईंच्या हातात ठेवायची आणि वर 'कोणाच्या तरी उपयोगी पडलं' म्हणून समाधान मानायचं, हे किती घरांत चालत आलं! बाई 'नको' म्हणू शकत नव्हत्या, म्हणून ते दान ठरलं. इथला शेजारी 'नो, थँक यू' म्हणू शकतो, म्हणून आपण त्याच्या ओट्यावर ठेवून पळतो. दोन्हीकडे चुकवलेली गोष्ट एकच आहे: घेणाऱ्याला विचारणं.

यावर कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला पाडायचा? भाजीच ती, कोणीतरी खाईल. पण बेसमेंटमध्ये चौघांत एक शेगडी वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात तीन किलोंची झुकिनी दिली, तर आपण त्याला जेवण दिलं नाही, दोन तासांचं काम दिलं. संधिवाताने बोटं वाकलेल्या शेजारीणबाईंचंही तेच. त्याच झुकिनीची सहा थालीपिठं डब्यात घालून नेली तर ती वस्तू तीच राहत नाही. वाजश्रवसाच्या गाईंत दूध उरलंच नव्हतं. झुकिनीत ते आहे, फक्त काढायला मेहनत पडते. ती मेहनत देणाऱ्याने केली तर भेट, घेणाऱ्यावर ढकलली तर ओझं. मला तरी दानाची याहून सोपी कसोटी सापडलेली नाही. आणि कोणी स्वतःहून 'कच्चीच द्या, मला किसायला आवडतं' म्हणालं, तर प्रश्नच मिटला. विचारलेलं होतं ना!

याच देशातलं एक उदाहरण त्याही पुढे जातं. कॅनडातली पहिली फूड बँक १९८१ साली एडमंटनमध्ये सुरू झाली. पुढे १९८६ साली विनिपेगमध्ये रॉन आणि युनिस ओ'डोनोव्हन यांच्या बागेत बटाटे उदंड आले, ते त्यांनी विनिपेग हार्वेस्ट या फूड बँकेला दिले. इथपर्यंत ती उरलेल्याचीच गोष्ट होती. पण त्यातून बागवाल्यांनी दुसऱ्यांसाठी म्हणून एक वेगळी ओळ पेरायची, असा उपक्रम उभा राहिला. उरलं म्हणून देणं आणि द्यायचं म्हणून पेरणं यांत सगळा उन्हाळा असतो. दुसऱ्यासाठी लावलेल्या ओळीतली झुकिनी वीतभर असतानाच तोडली जाते, कारण ती कोणाची तरी आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

'अन्न टाकू नये' हा संस्कार आपल्यात खोल आहे, पण त्यालाही हद्द आहे. झुकिनी किसण्याआधी एक तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागली तर थुंकून टाका आणि ती कोणालाही देऊ नका. कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी घटकाने तो कडवटपणा येतो आणि शिजवल्याने तो जात नाही. कडू दुधीच्या रसाने भारतात माणसं दगावली आहेत. अशी झुकिनी सरळ ग्रीन बिनमध्ये जाऊ दे. चांगली झुकिनीसुद्धा थकव्यामुळे कधी कंपोस्टमध्ये गेली तर आभाळ कोसळत नाही. मातीला दिलेलं मातीला पोचतं, आणि माती उपकाराचं ओझं वागवत नाही. निदान तिथे आपण दात्याचा आव तरी आणत नाही.

चौघांच्या घराला झुकिनीचं एक झाड पुरतं, हे ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच पटतं. मे महिन्यात पाकिटात दहा-पंधरा बिया असतात आणि हात थांबत नाही. तेव्हा दुसरं झाड लावायचंच असेल तर ते कोणासाठी, हे बी टोचतानाच ठरवावं. शेजारच्या बाईंना जाऊन विचारावं, झुकिनी आवडते का, आणि केवढी असताना आवडते.