चाल कुणाची?

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलांचा एक नाच बसवायचा होता. मी चित्रकलेचा शिक्षक. पण लहान गावच्या शाळेत पडदे रंगविण्यापासून नाच बसविण्यापर्यंतची सारी कामे चित्रकलेच्या शिक्षकाकडेच येतात. "सर, गाणं कोणतं घ्यायचं?" असे मुलांनी विचारताच मी क्षणाचाही विलंब न लावता 'डिस्को डान्सर'मधले 'जिमी जिमी' सुचविले. माझ्या लहानपणीचे ते गाणे. आजच्या मुलांचेही पाय त्यावर थिरकतात, हे पाहून मला मनातून जरा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा वडिलांचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. "सर, हे ऐका," म्हणाला. ऐकले. भाषा परकी, आवाज परका. पण सुरावट तीच! ओटावान नावाच्या फ्रेंच जोडीचे १९८० सालचे ते गाणे होते. आपला चित्रपट १९८२ सालचा. मुलगा माझ्याकडे पाहत उभा होता. सहामाही परीक्षेत शेजाऱ्याचे उत्तर उतरवून काढताना मीच त्याला पकडले होते आणि वर्गाबाहेर काढले होते. तो हळूच म्हणाला, "सर, मग ही पण कॉपीच ना?"

मी म्हणालो, "अरे, तो काळच तसा होता."

उत्तर तोंडातून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. काळ तसा होता, सगळेच तसे करीत होते, एवढ्याने काय बिघडते! परीक्षेत सापडलेली मुले मला हीच वाक्ये ऐकवतात. वीस-बावीस वर्षे मी ती नाकारीत आलो. आज माझ्या आवडीच्या गाण्यावर वेळ आली, तेव्हा तेच वाक्य मी उसने घेतले होते.

पण माझी अडचण निव्वळ गाण्याची नव्हती. त्या गाण्यात माझा मामा होता.

मामा मुंबईला परळच्या एका गिरणीत साच्यावर काम करी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली. आज मिटेल, उद्या मिटेल, असे म्हणता म्हणता वर्ष उलटले, आणि त्यांतले हजारो लोक पुन्हा कधी कामावर गेलेच नाहीत. मामा त्यांतलाच एक. १९८३च्या गणपतीत तो आमच्याकडे कोकणात आला. एरवी येताना तो ट्रंक भरून सामान आणी. त्या वर्षी हातात एक पिशवी आणि काखेत सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर, एवढेच होते. खोलीतले बाकीचे बरेच काही विकले गेले होते. मी तेव्हा सात वर्षांचा. मोठी माणसे ओटीवर बसून हलक्या आवाजात बोलत. मी गेलो की ती गप्प होत. मामा तर जेवतानासुद्धा मान वर करीत नसे.

गौरीच्या रात्री आरत्या संपल्या आणि कुणीतरी मामाची कॅसेट लावली. गॅसबत्तीच्या उजेडात मामा एकाएकी उठला, सदऱ्याची बटणे उघडी टाकली आणि मिथुन चक्रवर्तीसारखा नाचू लागला. सबंध अंगण हसू लागले. "दादा, पुरे रे, पुरे!" असे म्हणता म्हणता आई हसत होती आणि पदराने डोळेही पुशीत होती. त्या वर्षात मामाला हसताना मी पाहिले ते तेवढे एकदाच.

आता सांगा, ते हसू चोरीचे होते काय?

या प्रश्नाने पुढचे चार-आठ दिवस माझा पिच्छा पुरवला. म्हणून मी थोडा शोध घेतला. शोधावे तितके सापडत गेले. त्याच चित्रपटातले उषा उथुप यांनी गायिलेले 'औवा औवा' ऐकावे आणि मग इंग्लंडच्या बगल्स या मंडळींचे १९७९चे गाजलेले गाणे ऐकावे. नाते लपत नाही. १९८०च्या 'प्यारा दुश्मन'मधल्या 'हरी ओम हरी'ची चालही अशीच इरप्शन नावाच्या मंडळींच्या एका गाण्यातली. गंमत अशी, की ते गाणे इरप्शनचेही नव्हे. अमेरिकेत नील सेडाका यांनी ते १९५९ सालीच गायिले होते. परंतु तिकडच्या तबकडीवर ते रचणाऱ्यांची नावे होती. आपल्याकडे संगीतकार म्हणून एकच नाव झळकले, बप्पी लाहिरी.

या थोर आणि खटपट्या संगीतकाराला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. २०२२ साली ते गेले, तेव्हा मलाही घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. शिवाय त्यांच्याच आयुष्यात या प्रश्नाची दुसरी बाजूही घडली आहे. १९८१च्या 'ज्योती' चित्रपटासाठी त्यांनी एक गाणे केले, लता मंगेशकरांनी ते गायिले. २००२ साली अमेरिकेतल्या एका गायिकेच्या गाण्यात लताबाईंचा तोच आवाज आणि तीच चाल बिनदिक्कत वापरली गेली. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. बप्पी लाहिरी यांचे नाव छापल्यावाचून ती तबकडी विकू नये, असा हुकूम २००३ साली झाला. मला या हुकुमाचे फार नवल वाटले. पैशाचा वाद तर होताच, पण न्यायाधीशांनी नेमके बोट ठेवले ते नावावर!

आमच्या आजोबांच्या पेटीत 'सौभद्रा'ची एक जीर्ण प्रत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातली पदे आजही आपण गुणगुणतो. ज्यांनी संगीत नाटकांची अशी जुनी पुस्तके चाळली असतील, त्यांना आठवेल की पदाच्या डोक्यावर कंसात बारीक अक्षरांत छापलेले असते, 'चाल' आणि पुढे ज्या पदावरून ती घेतली त्याचे नाव. कुणी लावणीची चाल घेतली, कुणी कानडी पदाची, कुणी पारशी नाटकातली. घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि सांगण्यातही वाटला नाही. उसने घेतल्यावाचून कोणतीही कला चालत नाही, हे मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून रोज पाहतो. मुले दुसऱ्याचे चित्र पाहूनच हात बसवतात. पाप घेण्यात नाही. ज्याचे घेतले त्याचे नाव पुसण्यात ते आहे.

दूर कशाला, आपला दिवाळीचा फराळ घ्या. शेजारून आलेली करंजी ताटात वाढताना आई आवर्जून म्हणे, "ही पलीकडच्या काकूंची हं!" काकूंचे नाव घेतल्याने करंजीची गोडी कधी उणावली आहे काय? उलट, तीच करंजी आईने स्वतःची म्हणून वाढली असती आणि पुढे ते उघडकीस आले असते, तर गोडी नव्हे, पण विश्वास मात्र गेला असता.

इथवर विचार करून मी स्वतःवर खूश झालो होतो. पण दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मामाची तीच कॅसेट सापडली. मामा जाऊन आता बारा वर्षे झाली. कॅसेट साठ मिनिटांची, बाजारातल्या दुकानदाराकडून भरून आणलेली. त्या काळी आपण सगळेच असे करीत असू. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली, की दुकानदार दोन दिवसांत ती भरून देई. ना संगीतकाराला पै, ना गायकाला. म्हणजे एका घरून नाव न सांगता आणलेली चाल आम्ही दुसऱ्यांदा नाव न सांगता घरी आणली होती! मुलाला वर्गाबाहेर काढणारा मी त्याच मालाचा गिऱ्हाईक निघालो. आतल्या पुठ्ठ्यावर मामाच्या वळणदार अक्षरात गाण्यांची यादी होती. एकाही गायकाचे नाव नाही, संगीतकाराचे नाही. कॅसेट कुणी ढापू नये म्हणून मामाने स्वतःचे नाव मात्र ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी एकटाच मोठ्याने हसलो.

मामाचे ते हसू चोरीचे नव्हते, असे मला आजही वाटते. ते त्याचे स्वतःचे होते. वर्षभराच्या बेकारीतून त्याने ते कमावले होते. पण ज्या सुरांनी ते त्याच्या ओठांवर आणले, त्या सुरांचे देणे माझ्या घरावर राहिले आहे. प्रेम खरे असले म्हणून देणे फिटत नाही, आणि देणे निघाले म्हणून प्रेम खोटे ठरत नाही. जुन्या गाण्यांच्या आठवणीने आपण गहिवरतो, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदम मनात बाळगाव्या लागतात. ते जरा जड जाते, इतकेच.

संमेलनात नाच झाला. निवेदन मी त्या मुलाकडेच दिले होते. त्याने चित्रपटाचे नाव सांगितले, गायिका पार्वती खान यांचे सांगितले, बप्पी लाहिरींचे सांगितले, आणि मग जुन्या नाटकाच्या पुस्तकासारखे खणखणीत म्हणाला, "चाल, ओटावान, फ्रान्स, १९८०." पालकांत थोडी कुजबुज झाली. नंतर सगळे नाच पाहण्यात दंग झाले. गोडी तिळमात्र उणावली नाही.

कार्यक्रमानंतर पडद्यामागे त्याने विचारले, "सर, मी पेपरात खाली शेजाऱ्याचं नाव लिहिलं असतं, तर मार्क दिले असते?"

"नाही," मी म्हणालो. "मार्क त्यालाच दिले असते. पण तुला वर्गाबाहेर काढलं नसतं."

तो थोडा वेळ विचार करीत उभा राहिला. मग "बरं," म्हणाला आणि पडदे गुंडाळायला लागला.