चुकलेली वजाबाकी कुठे न्यायची?

रात्री साडेनऊला मोबाइलवर एक फोटो आला. तिसरीतल्या मुलाच्या वहीचं पान होतं, वरचं नाव अंगठ्याने झाकलेलं. ५०३ वजा २७८, आणि खाली उत्तर ३७५. फोटो पाठवणाऱ्या बाईंनी एवढंच लिहिलं होतं : "पंधरा दिवस हातच्याची वजाबाकी घेतेय. अजून हेच."

आमच्या गटात चौदा शिक्षक आहोत. चार तालुक्यांतले, बहुतेक द्विशिक्षकी शाळांवरचे. पहिलं उत्तर आलं ते नेहमीचं, सराव वाढवा. दुसरं एका सरांचं : "बाई, हे कसं काढलंस असं त्याला विचारलंत का?" दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं. मुलगा म्हणाला, तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढलं. पोरगा बेफिकिरीने चुकत नव्हता, तो नियम पाळत होता. मोठ्या संख्येतून लहान वजा करायची हे पहिलीत आपणच त्याला सांगितलेलं असतं.

पुढचे तीन दिवस गट त्या शून्यावर बोलत राहिला. दशकाच्या घरात काहीच नाही, मग एककासाठी आणायचं कुठून? शंभराचा एक गठ्ठा सोडून त्याचे दहा दशक करायचे, त्यातला एक पुन्हा सोडायचा, हे मुलाच्या हातातून कसं घडवायचं? कुणी काड्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो टाकला, कुणी खेळातल्या नोटांचा. एका बाईंनी वेगळाच मुद्दा काढला : आपण 'दशक उसना घ्या' म्हणतो, पण उसनं परत द्यायचं असतं हे मुलांना घरून ठाऊक असतं, मग इथे ते परत कोण देतं? वीस वर्षं तिसरी-चौथी शिकवून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

शिक्षकांनी ऑनलाइन एकत्र शिकणं म्हणजे माझ्या लेखी हे आहे. बाकी पुष्कळ काही त्या नावाखाली चालतं. त्याच मोबाइलवर दुसरे सहा गट आहेत. तिथे 'माहिती तात्काळ सादर करावी', 'लिंक भरून स्क्रीनशॉट टाकावा', 'निरंक असल्यास निरंक कळवावे' असे निरोप येतात आणि त्याखाली नमस्काराच्या हातांची रांग लागते. सोय म्हणून हे ठीक आहे. पण ज्या गटात वरिष्ठ बसलेले आहेत, तिथे पंधरा दिवस शिकवून न जमलेली वजाबाकी कोण टाकेल? तिथे जमलेलंच जातं : रांगोळीत काढलेले आकडे, टाळ्या वाजवणारी मुलं.

न जमलेलं दाखवायला जागा नसणं हे या पेशाचं जुनं दुखणं आहे. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली 'स्कूलटीचर' हे पुस्तक लिहिलं. अंड्यांच्या ट्रेसारखी शाळेची रचना आणि आपापल्या खळग्यात एकेकटा शिक्षक, हे चित्र तिथून सर्वतोमुखी झालं. आमच्याकडे वाडीवरच्या शाळेत तर ट्रेमध्ये दोनच खळगे असतात.

अमेरिकेतच १९९७ साली, मोबाइलवर गट नव्हते तेव्हा, कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेने 'टॅप्ड इन' नावाची एक आभासी इमारत उभी केली. सुरुवातीला ती निव्वळ अक्षरांची होती. आत शिरलं की आपण कुठल्या खोलीत आहोत आणि तिथे आणखी कोण आहे हे वाक्यांतून कळायचं. मजले होते, शिक्षकांना स्वतःची खोली घेता यायची. नव्या माणसाचं स्वागत करायला अनुभवी शिक्षक स्वेच्छेने मदतकक्षात बसत. शाळा सुटल्यावर ठरलेल्या विषयावर ठरलेल्या वेळी चर्चा होत आणि बोलण्याची नोंद सहभागी शिक्षकांना ईमेलने मिळे. २०१३ साली ती इमारत बंद झाली. आजच्या ॲपपुढे ते तंत्र बाळबोध वाटेल, पण त्यात एक समज होती. शिक्षकाला साहित्याच्या कोठारापेक्षा एक खोली लागते, आणि त्या खोलीचं दार उघडणारं माणूस लागतं.

आपण मात्र कोठारं बांधली. दीक्षा हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ २०१७ साली आलं, २०२० साली टाळेबंदीत निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण त्यावर सुरू झालं. साहित्य वाईट होतं असं मी म्हणणार नाही, काही व्हिडिओ मी दोनदा पाहिले. पण व्हिडिओ पाहायचा, प्रश्नमंजूषा सोडवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, या सगळ्यात शेजारी बसून कुणी "तुमच्या वर्गात काय झालं?" असं विचारत नाही.

खोली नसताना कल्पना किती पातळ होत जाते, हे आपण कुमठे बीटच्या वेळी पाहिलं. सातारा जिल्ह्यातल्या त्या बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादावर मन लावून काम केलं. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. त्या सुमारास राज्यभरातून शिक्षक ते वर्ग पाहायला जात होते आणि फोटो मोबाइलवर फिरत होते. ते फोटो पाहून मीही रंग आणला, फरशीवर चौकटी आखल्या, वर्तुळं काढली. पण त्या चौकटीत मूल बसल्यावर मी काय बोलायचं नाही, कधी गप्प राहायचं, हे फोटोत नव्हतं. रंग दोन पावसाळ्यांत उडाला.

याउलट, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्सच्या साथीने 'क्लिक्स' हा प्रकल्प राजस्थान, छत्तीसगड, मिझोरम आणि तेलंगण या राज्यांत चालवला. तिथे शिक्षकांचे मोबाइल गट हा प्रशिक्षणाचाच भाग धरला होता : प्रत्यक्ष भेटीत ओळख व्हायची आणि वर्गातला अनुभव घेऊन बोलणं पुढे गटावर चालायचं. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आमचा चौदा जणांचा गटही एका शिक्षण परिषदेनंतर, चहाच्या टपरीवर ठरला. ज्याच्याबरोबर एकदा चहा घेतलाय त्याच्यापुढे चूक ठेवायला माणूस कमी कचरतो. परिषदा बंद करून सगळं ऑनलाइन उरकावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं या मुद्द्यावर भांडण आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. वजाबाकीतल्या त्या शून्यावर बोलण्यात गेलेले तास त्यात धरले जावेत असं मला मनापासून वाटतं. पण धरायचे म्हटलं की नोंद आली, नोंद म्हटली की तपासणी आली, आणि तपासणी आली की वहीचं पान गटावर यायचं थांबेल. म्हणून तास शिक्षकाने स्वतः लिहावेत, विषय एका ओळीत सांगावा आणि आतलं बोलणं कुणी मागू नये. काही जण खोटे तास लिहितील. व्हिडिओ चालू ठेवून स्वयंपाक करणारे आजही आहेत, त्यांच्यासाठी आपण बाकीच्यांची खोली मोडत नाही.

परवा त्याच बाईंनी त्याच मुलाचं नवं पान टाकलं. ६०० वजा २४७. या वेळी त्याने शतक सोडलंय, दशकाच्या घरात दहा लिहिलेत, एककासाठी दहा आणलेत, पण ते आणल्यावर दशकाचे नऊ करायचे राहिलेत. उत्तर ३६३. अकरा वाजेपर्यंत सहा जणांनी आपापला अंदाज लिहिला होता, आणि बाईंनी सकाळी त्याला काय विचारायचं ते ठरवून ठेवलं होतं.